हिशेब कोणाला देणार? हथखोजची कामगारवस्ती आणि अनुदानित ‘समाजपरिवर्तन’

भिलाई म्हटली की आपल्या सोबत्यांच्या डोळ्यांपुढे सोव्हिएत सहकार्याने उभारलेला पोलाद कारखाना येतो : २ फेब्रुवारी १९५५ चा करार आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झालेली पहिली झोतभट्टी. करारावर सह्या झाल्या तेव्हा भिलाई ज्या मध्यप्रदेश राज्यात होती, त्याची राजधानी नागपूर होती. विदर्भातील अनेक मराठी कुटुंबे त्या भट्टीच्या आधाराने तिकडे गेली आणि तेथलीच झाली. परंतु हथखोज हे नाव महाराष्ट्रातील किती सोबत्यांना ठाऊक आहे? सार्वजनिक क्षेत्रातील त्या प्रचंड कारखान्याच्या कडेने खाजगी मालकांचे जे औद्योगिक पट्टे वाढले, त्यांपैकी हथखोजचे अवजड औद्योगिक क्षेत्र हा एक होय. अशा पट्ट्यांत लोखंड वितळते, कापले जाते, जोडले जाते. आणि ते वितळवणारा, कापणारा, जोडणारा माणूस मालकाच्या पटावर नसतो, ठेकेदाराच्या वहीत असतो.

गेल्या दहा-बारा वर्षांत देशातील औद्योगिक शहरांमधून एक नवी रीत पसरली आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी आसपासच्या वस्त्यांतील एखादी ‘समस्या’ हाती घ्यावी, तिच्यावर प्रकल्प लिहावा, आणि समाजपरिवर्तनासाठी अनुदान मिळवावे. या रीतीला सहसा कोणी विरोध करीत नाही. प्राचार्य प्रसन्न असतात, वृत्तपत्रांत छायाचित्र येते, विद्यार्थ्याच्या अर्जात एक ओळ वाढते. ही रीत आम्ही हथखोजच्या जमिनीवर ठेवून तपासू इच्छितो. कारण याच भिलाईत समाजपरिवर्तनाची एक वेगळी रीतही कामगारांनी घालून दिलेली आहे, आणि तिची किंमत त्यांनी रक्ताने चुकती केली आहे.

अनुदानाच्या अर्जाचा नमुना सर्वत्र सारखाच. समस्या कोणती, लाभार्थी किती, परिणाम कसा मोजणार, खर्चाची बाबवारी, देणगीदाराचे नाव फलकावर कोठे असेल, आणि शेवटी विनियोग प्रमाणपत्र. पाच-सहा विद्यार्थ्यांचा गट, एक मार्गदर्शक प्राध्यापक, मुदत सहा महिने किंवा एक वर्ष. विद्यार्थी बहुधा प्रामाणिक असतात. वस्तीतील दैन्य पाहून ज्याला झोप लागत नाही अशा तरुणाची टवाळी करणे हा आमचा हेतू नाही. तसे करणारा कार्यकर्ता चळवळीचे नुकसानच करतो. आमचे भांडण आहे ते त्या नमुन्याशी, आणि आपल्याच विद्यार्थी आघाडीतील त्या सोबत्यांशी, जे म्हणतात : “पैसा त्यांचा, काम आपले, घ्यायला काय हरकत आहे?”

‘लाभार्थी’ आणि हजेरीपट

समजा, भिलाई–दुर्ग परिसरातील एखाद्या महाविद्यालयाचा गट असे अनुदान घेऊन हथखोजच्या कामगारवस्तीत आरोग्यशिबिर भरवतो. खोकणारा माणूस येतो, भाजलेल्या हाताचा येतो, बोट तुटलेला येतो. विद्यार्थी नाव लिहितो, वय लिहितो, खोकला किती दिवसांचा ते लिहितो, गोळ्या देतो. दिवसाअखेर ‘लाभार्थी १८०’ असा आकडा तयार होतो. एक प्रश्न मात्र त्या तक्त्यात नसतो : “तुझा कर्मचारी राज्य विम्याचा क्रमांक काय?”

हा प्रश्न का नसतो, हे समजून घेण्यासाठी थोडे गणित करू. एखाद्या कारखान्यात ठेकेदाराचे १०० कामगार आहेत आणि प्रत्येकाची मजुरी महिना १२,००० रुपये आहे, असे धरा. महिना २१,००० रुपयांपर्यंत मजुरी असलेला कामगार विमा योजनेत येतो. १ जुलै २०१९ पासून मालकाचा हिस्सा मजुरीच्या ३.२५ टक्के आहे. म्हणजे माणशी महिना ३९० रुपये, शंभर माणसांचे वर्षाला ४ लाख ६८ हजार. भविष्यनिर्वाह निधीचा मालकाचा हिस्सा १२ टक्के. तो वर्षाला १७ लाख २८ हजार होतो. दोन्ही मिळून जवळजवळ २२ लाख रुपये. ही रक्कम ज्याने बुडवली, त्याने विद्यार्थ्यांच्या शिबिरास दोन लाख दिले, तर २० लाख त्याच्या खिशात राहिले. आणि वर वस्तीतील फलकावर त्याचे नाव लागले! ज्या कामगाराला हक्काने रुग्णालय, आजारपणाचा भत्ता आणि अपघात झाल्यास निवृत्तिवेतन मिळावयाचे, त्याच्या हातावर चार गोळ्या पडल्या, आणि कागदोपत्री तो ‘लाभार्थी’ झाला.

सगळेच देणगीदार असे असतात असा आमचा दावा नाही. काही जण देणी चुकवूनही देणगी देत असतील. परंतु अर्जाचा नमुना दोघांनाही सारखेच संरक्षण देतो, कारण हजेरीपटाचा प्रश्न त्यात नाहीच.

येथे कायद्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीवर खर्च करावयाची असते. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू झाले. २०२२-२३ या एका वर्षात या खात्यावर देशभर जवळजवळ ३० हजार कोटी रुपये खर्च झाले. आता नियम असा की, कंपनीने स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभासाठी केलेला खर्च यात धरता येत नाही. वरवर पाहता हे योग्यच. कामगाराला देणे ते देणेच, त्याला दान म्हणू नये. परंतु ठेकेदाराचा माणूस कंपनीच्या पटावर नसल्यामुळे तो ‘कर्मचारी’ न राहता ‘समाज’ बनतो. फाटकाच्या आत ज्याची जबाबदारी झटकली, तोच फाटकाबाहेर सामाजिक जबाबदारीचा विषय होतो. कंत्राटी पद्धतीने माणसाला आधी परके करावयाचे, आणि मग त्या परक्यावर दया करावयाची!

लहान कारखानदार या कलमाच्या कक्षेत येतही नाहीत. परंतु बड्या कंपनीने पाडलेला पायंडा लहान मालक लवकर उचलतो, आणि दयेची भाषा तर फुकटच मिळते.

ही कंत्राटी पद्धत आता आणखी सैल झाली आहे. १९७० चा कंत्राटी कामगार कायदा मुळात २० कामगारांपासून लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी ज्या चार श्रमसंहिता अंमलात आणल्या गेल्या, त्यांत ही मर्यादा ५० वर नेण्यात आली. ४९ माणसांचा ठेकेदार या तरतुदींतून मोकळा झाला. हथखोजसारख्या क्षेत्रात याचा अर्थ काय, हे शोधणे हा खरोखर विद्यार्थ्यांना शोभणारा प्रकल्प आहे. परंतु त्यासाठी अनुदान देणारा मालक आम्हाला दाखवा.

भिलाईने पाहिलेली दुसरी रीत

भिलाईपासून दक्षिणेला दल्ली राजहरा येथे पोलाद कारखान्याच्या लोहखनिजाच्या खाणी आहेत. १९७७ साली तेथील कंत्राटी खाणकामगार मान्यताप्राप्त संघटनांनी केलेल्या बोनस-कराराविरुद्ध उठले. कायम कामगारांना अधिक आणि कंत्राट्यांना नाममात्र, असा तो करार होता. हे लिहिताना आत्मटीकेपासून पळ काढून चालणार नाही : त्या संघटनांपैकी एकीच्या हाती लाल झेंडाही होता. कंत्राटी कामगारांनी स्वतःची संघटना, छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ, उभी केली आणि शंकर गुहा नियोगी यांना नेतृत्व दिले. २ व ३ जून १९७७ रोजी पोलिसांनी गोळीबार करून ११ जणांना ठार केले. अनसूयाबाई ही कामगार स्त्री त्यांत होती.

या अकरा शहिदांचे स्मारक कोणते झाले? रुग्णालय. संघटनेची एक पुढारी कामगार स्त्री बाळंतपणात उपचाराअभावी मरण पावली, तेव्हा कामगारांनी आपला दवाखाना आपणच काढावयाचे ठरविले. १९८२ साली संघटनेच्या आवारात लहानसा दवाखाना सुरू झाला, आणि ३ जून १९८३ रोजी १५ खाटांचे शहीद रुग्णालय उघडले. इमारत कामगारांच्या वर्गणीने आणि श्रमाने उभी राहिली. बिनायक सेन, शैबाल जाना, पुण्यव्रत गुण असे तरुण डॉक्टर तेथे राबले. कामगारांची मुलेबाळे तेथेच शिकून आरोग्यसेवक झाली.

अनुदानाच्या अर्जात या रुग्णालयाला कोणता रकाना मिळाला असता? ‘परिणाम कसा मोजणार’ या प्रश्नाला तेथील कामगाराचे उत्तर असे असते की, मी दिलेल्या रुपयाचा हिशेब मी सभेत उभा राहून विचारीन. डॉक्टर चुकला तर त्यालाही विचारीन. हिशेब वरच्या दिशेने, देणगीदाराच्या कचेरीत जात नव्हता. तो खाली, खाणीच्या तोंडाशी द्यावा लागत होता. याच संघटनेने खाणींच्या संपूर्ण यांत्रिकीकरणाला विरोध करताना नुसती घोषणा दिली नाही, तर अर्ध-यांत्रिकीकरणाचा पर्यायी आराखडा मांडला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा तो प्रकल्प आहे, आणि त्यामागे कोणत्याही प्रतिष्ठानाचा शिक्का नव्हता.

तेथे शिकलेले तरुण कसे आले, तेही पाहा. सुधा भारद्वाज यांनी १९८४ साली कानपूरच्या आयआयटीतून गणिताची पदवी घेतली. जन्माने मिळालेले अमेरिकेचे नागरिकत्व त्यांनी सोडले होते. त्या दल्ली राजहऱ्याला आल्या, कामगारांच्या मुलांना शिकवू लागल्या, पुढे कामगारांचे खटले लढविण्यासाठी वकील झाल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये त्यांना अटक झाली आणि डिसेंबर २०२१ पर्यंत त्या महाराष्ट्रातील तुरुंगांत होत्या. त्यांच्या सर्व मतांशी आपले जुळलेच पाहिजे असे नाही. परंतु सहा महिन्यांचा प्रकल्प आणि तीस वर्षांची बांधिलकी यांतला फरक यापेक्षा स्पष्ट कसा करावा?

आता भिलाईच्या खाजगी कारखान्यांकडे या. १९९० पासून तेथील कामगारांनी ज्या मागण्या केल्या, त्या पुन्हा वाचा : जगण्यापुरती मजुरी, नोकरीत कायम करणे, हजेरीपटावर नाव, भविष्यनिर्वाह निधी, विमा, काढून टाकलेल्यांना परत घेणे. यांतली एकही मागणी क्रांतीची नव्हती. बहुतेक तर कायद्याच्याच होत्या. त्यांचे उत्तर काय मिळाले? २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे भिलाईतील राहत्या घरी झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाई पॉवर हाऊस रेल्वे स्थानकात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. किमान १६ कामगार मारले गेले. नियोगी खटल्यात १९९७ साली सत्र न्यायालयाने मारेकऱ्यास फाशीची आणि उद्योगपतींसह इतरांना जन्मठेपेची शिक्षा दिली. १९९८ साली उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले. आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने फक्त गोळी झाडणाऱ्या पल्टन मल्लाहला दोषी ठरवून जन्मठेप दिली. उद्योगपती निर्दोष ठरले. कायद्यातील हक्क मागण्याची किंमत ज्या शहरात ही आहे, तेथे वस्तीत जाऊन ‘समस्या ओळखा’ असे विद्यार्थ्याला सांगावयाचे आणि ही समस्या सोडून बाकी सर्व ओळखू द्यावयाचे, याला भाबडेपणा म्हणता येत नाही.

परकीय पैसा, स्वदेशी पैसा

आपल्या पत्रांतून १९८० च्या दशकात या विषयावर पुष्कळ लिहिले गेले. प्रकाश करात यांनी १९८४ साली ‘मार्क्सिस्ट’ या त्रैमासिकात स्वयंसेवी गटांना मिळणाऱ्या परकीय निधीचे साम्राज्यवादी व्यूहरचनेशी असलेले नाते मांडले होते. त्या टीकेला आधार होता. १९६७ साली अमेरिकेतील ‘रॅम्पार्ट्स’ मासिकाने उघडकीस आणले की, तेथील राष्ट्रीय विद्यार्थी संघटनेला अनेक वर्षे गुप्तहेर खात्याचा पैसा प्रतिष्ठानांच्या आडून मिळत होता. संघटनेच्या सामान्य सभासदांना याचा पत्ताही नव्हता! त्यांतले कितीतरी जण मनापासून शांतता, समता आणि वंशद्वेषाविरोध यांसाठी झटत होते. विद्यार्थ्याचा प्रामाणिकपणा हे पैशाच्या प्रामाणिकपणाचे प्रमाण नव्हे, हा त्या प्रकरणाचा धडा.

परंतु ती टीका जशीच्या तशी आज म्हणत राहणे पुरेसे नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. ‘परकीय पैसा’ हा शब्द आता राज्यकर्त्यांनी आपल्या हत्यारघरात नेला आहे. परकीय निधीविषयीच्या २०१० च्या कायद्याखालील २०११ च्या नियमांनी बंद, हरताळ, रास्ता रोको, रेल रोको करणाऱ्या संघटनांनाही ‘राजकीय स्वरूपाच्या’ ठरविण्याची वाट मोकळी केली होती. ६ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाला तिचा अर्थ संकुचित करावा लागला. जनतेच्या न्याय्य प्रश्नांवर असे मार्ग अवलंबणाऱ्या, पण पक्षीय राजकारणाशी संबंध नसलेल्या संघटनेला त्या नियमात ओढता येणार नाही, असा निर्वाळा दिला. म्हणजे परदेशी पैशाविरुद्धची देशभक्ती शेवटी रेल रोको करणाऱ्या मजुराच्या मानेवर येऊन बसली. आणि त्याच काळात स्वदेशी मालकाचा पैसा महाविद्यालयांच्या दारात विनाअडथळा येत राहिला. हथखोजच्या कामगाराची मजुरी बुडवणारा मालक परदेशातून आलेला असण्याची गरज नाही.

म्हणून प्रश्न पैशाच्या पासपोर्टाचा नाही. ज्याच्याविरुद्ध बोलावे लागेल, त्यालाच हिशेब द्यावा लागणार आहे काय, एवढाच प्रश्न आहे.

रिकाम्या खिशाचा विद्यार्थी

येथे एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. सोबती म्हणतात : वर्गणी आणि त्याग यांच्या गोष्टी ठीक आहेत, परंतु ठेकेदाराच्या कामगाराचा जो मुलगा आज पदविकेला आहे, त्याच्याकडे बसभाडे नसते. विनामोबदला समाजकार्य ही पोटभरल्या घरांतील मुलांची चैन आहे. हे खरे आहे, आणि आपल्या अनेक शाखांनी याचा कधी विचारच केलेला नाही. चहा-भजीवर दिवस काढणारा कार्यकर्ता हा आपला आदर्श; त्या आदर्शामागे कोणाची तरी आई उपाशी असते, हे आपण विसरतो.

याचे उत्तर मालकाच्या दारी नाही. सार्वजनिक पैसा आहे, आणि तो आपलाच आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुमारे ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास काम करावे, सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी तिची रचना. नोव्हेंबर २०१४ मध्ये आलेल्या उन्नत भारत अभियानात तर उच्च शिक्षणसंस्थांनी गावे निवडून त्यांच्या गरजांचा अभ्यास करावयाचा आहे. कागदावर हे उद्दिष्ट वाईट नाही. मग सात दिवस रस्ते झाडून आणि झाडे लावूनच हे शिबिर का संपते? वस्तीतील पगारपत्रकांची पाहणी, विम्याच्या क्रमांकांची नोंद, अपघातांची यादी हे त्या २४० तासांत का बसत नाही? कोणताही नियम तसे करावयास मना करीत नाही. मना करतो तो प्राचार्यांचा धाक आणि विद्यार्थ्यांच्या हाती सत्ता नसणे.

सत्तेचा मुद्दा महाराष्ट्रातील सोबत्यांनी विशेष ध्यानी घ्यावा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतील थेट निवडणुका गेल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा देऊ केल्या, आणि २०१९ साली ठरलेला कार्यक्रम स्थगित झाला. म्हणजे पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांनी उपक्रमांच्या नावाने फी भरली, आणि तिच्या खर्चावर त्यांचा निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. लिंगडोह समितीच्या २००६ च्या शिफारशींनी विद्यार्थी उमेदवाराला निवडणुकीत ५,००० रुपयांहून अधिक खर्च करण्यास बंदी घातली. पैशाने विद्यार्थी बिघडतो, ही चिंता! मग तोच विद्यार्थी कंपनीकडून लाखाचा प्रकल्प घेतो तेव्हा ही चिंता कोठे जाते? मत मागण्यासाठी पाच हजार हा भ्रष्टाचार, फलक लावण्यासाठी लाख हे नेतृत्व.

१९४३ च्या बंगालच्या दुष्काळात विद्यार्थी फेडरेशनच्या पथकांनी झोळ्या फिरवून धान्य आणि पैसा जमवला. त्यांनी भुकेल्यांना खिचडी वाटली, आणि त्याच वेळी साठेबाजांची नावे घेतली. १९७० च्या दशकारंभी धुळे जिल्ह्यातील शहाद्यास शहरांतून गेलेले तरुण अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारख्या आदिवासी कार्यकर्त्याच्या शेजारी उभे राहिले, ते जमिनी आणि मजुरीच्या प्रश्नावर. मदत करू नये असे कोणी म्हटले नव्हते, आम्हीही म्हणत नाही. शिबिरातील गोळी द्यावीच. पण ज्याने ती दिली त्याला विम्याचा क्रमांक विचारण्याची मोकळीक असली पाहिजे. अशी मोकळीक लेखी देणारे अनुदान कोणाला मिळाले, तर ते नाकारा असे आम्ही सांगणार नाही. आधी तो कागद आणून दाखवावा.

विदर्भातील विद्यार्थी शाखांसाठी काम हाताशी आहे. नागपूरहून दुर्ग रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर. दरवर्षी १ जुलैला भिलाई पॉवर हाऊस स्थानकावर कामगार आपल्या शहिदांना मानवंदना देतात. त्या दिवशी जावे, दुसऱ्या दिवसापासून तेथील कामगार संघटनांच्या अनुमतीने हथखोजच्या वस्तीत हजेरीपट, मजुरी, निधी आणि विमा यांची पाहणी सुरू करावी, आणि तिचा निष्कर्ष परतण्यापूर्वी वस्तीतच वाचून दाखवावा. ज्या विद्यार्थ्याला भाडे परवडत नाही त्याचे भाडे शाखेने द्यावे. पावतीपुस्तके त्यासाठी आतापासूनच छापून घ्यावीत, आणि प्रत्येक पावतीवर रक्कम अक्षरी लिहावी.